पंधरा लिटर की चाळीस?

*नमस्कार ताई,*

*मी पुण्यात राहते. वय ३२, उंची ५ फूट १ इंच. पावसाळ्यात ऑफिसच्या ग्रुपबरोबर रविवारचे ट्रेक करते. आजवर लॅपटॉपची बॅगच पाठीला लावून जात होते, पण हल्ली खांदे आणि मान दुखते आणि दर वेळी आतलं सगळं भिजतं. येत्या ऑगस्टमध्ये नवऱ्याबरोबर उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स आणि हेमकुंडला जायचं ठरलंय. ५५ लिटरच्या मोठ्या सॅका आमच्याकडे आहेत. त्या घांगरियात, म्हणजे खालच्या मुक्कामाच्या गावात ठेवून वर जायला लहान सॅक हवी. एक सहकारी म्हणतो, १५ लिटर पुष्कळ झाली. दुसरा म्हणतो, ४० चीच घे, परत परत खर्च नको. नवरा म्हणतो, दोघांत एकच घेऊ आणि आलटूनपालटून उचलू. रविवारच्या ट्रेकला आणि मोठ्या ट्रिपमधल्या अशा छोट्या फेऱ्यांना एकच सॅक चालेल का? बजेट तीन हजार. आणि हसू नका, पण रंग कोणता घेऊ?*

*– एक वाचक, कोथरूड*

नमस्कार,

तुमचे दोन्ही सहकारी आपापल्या जागी बरोबर असतील. लोहगडाला चांगल्या पायऱ्या आहेत. वर दोन तास फिरायचं, खाली येऊन गरम भजी खायची, एवढाच बेत असेल तर १५ लिटर खरंच पुष्कळ. आणि ज्याच्या पाठीवर ग्रुपचा दोर, औषधांची पेटी आणि तिघांचे डबे येतात, त्याला ४० लागते. तुम्ही या दोघांतल्या कुणीच नाही. तुम्हाला २२ ते २८ लिटरच्या मधली सॅक हवी, आणि ती दोन्हीकडे चालेल. पत्राचं उत्तर एवढंच आहे. पण हे आकडे कुठून आले, आणि दुकानात गेल्यावर लिटरपेक्षा जास्त काय बघायचं, ते सांगायला हवं.

किती चालायचंय यावरून लोक सॅकचं माप ठरवतात. मला ते पटत नाही. चाल चार तासांची असो की दहा, जागा लागते ती परतायला उशीर झाला तर लागणाऱ्या वस्तूंना. कुणाचा पाय मुरगळला, धुकं उतरलं, सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी मांडीएवढा झाला, बरोबरच्या कुणाला उलट्या सुरू झाल्या. यातलं एक जरी घडलं तरी दुपारी तीनला संपणारा ट्रेक रात्री नऊपर्यंत रेंगाळतो. त्या सहा तासांत जे लागेल ते पाठीवर आहे का, एवढंच विचारायचं.

तेव्हा एका संध्याकाळी सगळं सामान घरात जमिनीवर मांडा. पाणी पावसाळ्यात दोन लिटर, आणि मार्च-एप्रिलमध्ये कोरड्या गडावर जाणार असाल तर तीन. डबा, आणि डब्याशिवाय चिक्की, खजूर, शेंगदाणे असं काहीतरी, जे उशीर झाला तरच उघडायचं. हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल. मोबाईलचा टॉर्च मी धरत नाही, कारण फोन करायचा, नकाशा बघायचा आणि उजेड पाडायचा ही तिन्ही कामं एकाच बॅटरीवर सोडणं बरं नाही, आणि उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात. पोंचो किंवा जॅकेट. कोरडा टी-शर्ट आणि मोजे. फ्लीसचा एक पातळ स्वेटर, हो, सह्याद्रीतसुद्धा. ओल्या अंगाने वाऱ्यात तासभर बसावं लागलं की जुलैतही दात वाजतात. क्रेप बँडेज, पट्ट्या, ओआरएसच्या पुड्या, स्वतःची रोजची औषधं. शिट्टी, टोपी, नॅपकिन, पॉवर बँक. हिमालयासाठी यात हातमोजे, कानटोपी आणि जरा जाड जॅकेट वाढवा.

आता हे सगळं मोजायचं कसं? घरातली अंघोळीची बादली घ्या. किती लिटरची ते बहुतेक वेळा बुडाशी लिहिलेलं असतं. नसेल तर लिटरच्या बाटलीने पाणी ओतून मोजा. बादली कोरडी करून सामान तिच्यात भरा. दाबून बसवायचं नाही, ट्रेकवर भरता तसंच भरायचं. बहुतेकांचं सामान १८ ते २२ लिटरच्या आसपास बसतं. सॅक त्याच्यापेक्षा चारपाच लिटरने मोठी घ्या. भर पावसात ओला पोंचो घडी न घालता कोंबावा लागतो तेव्हा ही जागा लागते. दुकानदार किंवा सहकारी काय म्हणतो त्यापेक्षा तुमच्या बादलीचा आकडा खरा माना.

मग थेट ४० च का नको? एक तर रिकामी सॅकच किलो-सव्वा किलोची होते. दुसरं, रिकामी जागा रिकामी राहत नाही. घरून निघताना आपणच तिच्यात 'असू दे' म्हणून काहीबाही टाकतो आणि ग्रुपमधले लोक 'तुझ्यात जागा आहे ना गं' म्हणत आपले रेनकोट देतात. तिसरं कारण मात्र गंभीर आहे. मोठ्या सॅकमध्ये थोडं सामान तळाशी बसतं आणि पाठीपासून लांब लोंबतं. सपाटीवर ते जाणवत नाही. कळसूबाईच्या शिड्यांवर किंवा भीमाशंकरच्या शिडी घाटात वळताना ते वजन तुमच्या मागून अर्ध्या क्षणाने येतं, आणि तोल तेवढ्यातच जातो.

छोट्या फेऱ्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते रविवारच्या ट्रेकपेक्षा तिथेच सॅक जास्त चुकते. हरिश्चंद्रगडाचं बघा. पाचनईतून वर येऊन तुम्ही मंदिरापाशी मोठ्या सॅका टाकता. पाठ मोकळी झालेली असते, पाय हलके वाटत असतात. कोकणकडा काय, अर्ध्या तासाची वाट. म्हणून हातात मोबाईल आणि अर्धी बाटली घेऊन माणसं निघतात. कड्यावर ढग खालून वर येतात, ते बघण्यात वेळ जातो, आणि मग तोच ढग पठारावर पसरतो. धुक्यात त्या पठारावरच्या सगळ्या पायवाटा एकसारख्या दिसतात. टॉर्च, जॅकेट, शिट्टी, खाणं सगळं मंदिरापाशी पडलेलं असतं. दिवसभर हे ओझं वाहून आणायचं आणि नेमकं लागेल त्या तासाला मागे ठेवायचं! म्हणून छोट्या फेरीच्या सॅकमधून जादा कपडे कमी करा, डब्यांची चळत कमी करा, पण पाणी, थोडं खाणं, टॉर्च, पावसाचं कपडं आणि एक ऊबदार कपडा या पाच गोष्टी काढू नका. वाट दहा मिनिटांची असली तरी नाही.

घांगरियात तुमचे दोन दिवस दोन तऱ्हेचे असतील. व्हॅलीच्या आत काहीही विकत मिळत नाही आणि मुक्कामाला परवानगी नाही. सकाळी जायचं आणि दिवस मावळायच्या आत बाहेर पडायचं. म्हणजे खाणं-पाणी सगळं पाठीवर. हेमकुंडच्या वाटेवर चहाची दुकानं आहेत आणि वर गुरुद्वारात लंगर असतो, तेव्हा खाण्याची काळजी कमी. पण घांगरिया सुमारे ३०५० मीटरवर आणि हेमकुंड ४३०० मीटरच्या आसपास. साधारण सहा किलोमीटरमध्ये एवढं चढायचं. चढताना घामाने भिजता आणि वर सरोवराच्या काठावर वारा लागला की हुडहुडी भरते. तिथे पोचल्या पोचल्या ओला टी-शर्ट बदलून वर जॅकेट चढवायचं, मग दर्शनाला जायचं. सरोवरात स्नान करायचा विचार असेल तर टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड आणखी धरा. एका दिवशी डब्यांनी आणि दुसऱ्या दिवशी कपड्यांनी, पण सॅक दोन्ही दिवस साधारण तेवढीच भरते. बादलीची परीक्षा दोन्ही दिवसांचं सामान मांडून वेगवेगळी करा.

आता तुमचे यजमान. आलटूनपालटून उचलायची कल्पना प्रेमळ आहे, पण मला ती मान्य नाही. दोघं कायम बरोबर राहतील हे ती गृहीत धरते. हेमकुंडच्या उंचीवर एकाचं डोकं ठणकायला लागलं, मळमळायला लागलं, तर त्याने खाली उतरायचं असतं. उलट जेमतेम अर्ध्या तासावर असलेला दुसरा म्हणेल, मी पटकन जाऊन येतो. व्हॅलीतही तेच. एक जण प्रत्येक फुलापाशी गुडघे टेकून फोटो काढत बसतो आणि दुसरा पुढे जोन मार्गारेट लेग यांच्या समाधीपर्यंत जाऊन येतो. (लंडनच्या क्यू उद्यानातून आलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञ बाई १९३९ मध्ये इथेच फुलं गोळा करताना खडकाळ उतारावरून घसरून वारल्या.) अशा वेळी सॅक कुणाकडे? ज्याच्याकडे नाही त्याच्याकडे ऑगस्टच्या पावसात काहीच नाही. शिवाय तुमची पाठ आणि त्यांची पाठ एका मापाची नाही. त्यांना बसणारी सॅक तुमच्या नितंबांवर आपटत राहणार.

पण म्हणून दोन सॅका विकत घ्यायची गरज नाही. त्यांनी त्यांची ५५ लिटरचीच न्यावी. घांगरियाच्या खोलीत ती रिकामी करायची, दिवसाचं सामान भरायचं, आणि दोन्ही बाजूंचे आवळायचे पट्टे पूर्ण खेचून तिला चपटी करायची. तिचं स्वतःचं वजन दोन किलोच्या आसपास असेल, तेवढं त्यांनी सोसावं. कमरेचा पट्टा चांगला असल्याने सोसवतंही. दिसायला ढब्बू दिसेल, पण फुकट आहे. तुमचे तीन हजार तुमच्या एकटीच्या सॅकवर जातील.

खरा मुद्दा आता येतो. लिटर जुळले आणि पाठीचं माप चुकलं तर सगळं वाया. लहान सॅका बहुतेक एकाच मापात येतात, आणि ते माप तुमच्यापेक्षा उंच माणसाच्या पाठीवरून घेतलेलं असतं. घरी शिवणाची टेप घ्या. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी जे हाड टोचतं, तिथे टेपचं एक टोक. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीच्या कण्याला जिथे छेदेल तिथे दुसरं टोक. हे अंतर म्हणजे तुमच्या पाठीची लांबी. दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या, स्वतःची पाठ स्वतः मोजता येत नाही. सॅकची पाठ या अंतरापेक्षा बरीच लांब असली तर ती तुमच्यासाठी नाही, मग रंग कितीही आवडू दे.

दुकानात जाताना लिटरभर पाण्याच्या चार भरलेल्या बाटल्या आणि एक जुनी चादर बरोबर न्या. दुकानदार बघत राहील. राहू दे. रिकामी सॅक सगळ्यांच्याच पाठीवर सुंदर बसते. बाटल्या चादरीत गुंडाळून आत ठेवा, खांद्याचे पट्टे आवळा, छातीचा पट्टा लावा आणि आरशासमोर बाजूने उभ्या राहा. खांद्याचा पट्टा खांद्यावरून वळून मागे पाठीला टेकलेला दिसला पाहिजे. वर पोकळी दिसली तर सॅक लांब आहे. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर येतो का? पोटावर आला तर सॅक आखूड, मांडीच्या सांध्यावर आला तर लांब. काखेत पट्टा रुततो का? छातीचा पट्टा वर-खाली सरकवता येतो का? बायकांसाठी वेगळ्या घाटाचे, आत वळवलेले पट्टे असलेल्या सॅका मिळतात. तुमच्या उंचीला त्या आधी घालून बघा. आणि शाळकरी मुलांच्या ट्रेकिंग सॅका हसण्यावारी नेऊ नका. त्यांतली २० ते २२ लिटरची एखादी तुमच्या पाठीला बरोबर बसूही शकते आणि स्वस्तही पडते. मग दुकानातच पंधरा मिनिटं चाला, जिना असेल तर दोनदा चढा-उतरा. दुखणार असेल तर त्या पंधरा मिनिटांत कळायला लागतं.

लॅपटॉपची बॅग का दुखते तेही यातच आलं. ती चार कप्प्यांत उभी विभागलेली असते. पाठीला चिकटलेल्या लॅपटॉपच्या कप्प्यात ट्रेकला काहीच नसतं आणि पाण्याच्या बाटल्या सगळ्यात बाहेरच्या कप्प्यात. म्हणजे सगळ्यात जड वस्तू कण्यापासून सगळ्यात लांब. ते वजन खांदे मागे ओढतं, तुम्ही मान पुढे काढून ते तोलता, आणि सोमवारी मान धरते. नव्या सॅकमध्येही पाणी बाहेर आणि स्वेटर पाठीला असं भरलंत तर तेच होईल. जड ते पाठीलगत आणि पाठीच्या मधल्या उंचीवर. मऊ आणि हलकं तळाशी आणि बाहेर.

कमरेच्या पट्ट्यावरून दुकानात बरीच भाषणं ऐकायला मिळतील. पाच-सहा किलोपर्यंत त्याचं मुख्य काम सॅक हलू न देणं एवढंच, त्यामुळे बारीक पट्टी असली तरी चालेल. त्यापुढे वजन जात असेल तर गादीवाला हवा. तुमचं हेमकुंडच्या दिवसाचं वजन सहाच्या आसपास जाईल. बजेटमध्ये गादीवाला मिळाला तर घ्या, नाहीतर अडून बसू नका. मात्र छातीचा पट्टा असलाच पाहिजे. तो नसलेली सॅक मी ट्रेकची धरत नाही. त्याच्या बकलातच अनेकदा शिट्टी असते, ती वाजते का हे दुकानातच वाजवून बघा.

पाठीला जाळी ताणलेल्या, मध्ये हवा खेळणाऱ्या सॅका दिसायला मोहक असतात. उन्हाळ्यात कोरड्या गडांवर त्यांचा फायदा होतोही. पण ती जाळी ताणायला आत वाकवलेली चौकट असते, तिच्यामुळे सॅकच्या आतली जागा पोटात आल्यासारखी वाकडी होते आणि सामान पाठीपासून दोन बोटं लांब जातं. तुम्ही पावसाळ्यात चालणाऱ्या; पाठ भिजायची ती भिजणारच. तुम्हाला साधी फोमची, मध्ये खाचा असलेली पाठ बरी.

आता भिजण्याचं. याच्यावर मी जरा तावातावाने बोलते, कारण 'वॉटरप्रूफ' हे लेबल बघून लोक निर्धास्त होतात. कापडाला आतून लेप असतो, तो पाणी अडवतो. पण शिवणीच्या प्रत्येक भोकातून आणि चेनमधून पाणी आत येतंच. मग रेन कव्हर. तेही लावा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही. मानेवरून ओघळणारं पाणी पाठ आणि सॅक यांच्या मधून झिरपत आत जातं आणि खाली कव्हरच्या खोळीत साठतं. तुमचा कोरडा टी-शर्ट बहुधा नेमका तिथेच, तळाशी असतो. शिवाय वाऱ्यात कव्हर फुगतं, कारवीत अडकतं आणि कड्यापाशी तर उडूनच जातं. त्याला सॅकला बांधायची दोरी नसेल तर घरी एक शिवून घ्या. खरं काम आतली पिशवी करते. कचऱ्याच्या डब्याला लावतात तसली मोठी, जाड, न वापरलेली प्लास्टिकची पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी उघडायची, सगळं सामान तिच्यात, आणि तोंडाला पीळ घालून दुमडायचं. बाहेर राहतील फक्त बाटली आणि पोंचो. फोन आणि पैसे आणखी एका चेनच्या छोट्या पिशवीत. एवढं केलंत तर हजार रुपयांच्या सॅकमधला स्वेटरही कोरडा राहतो. ही पिशवी घेऊन जा तशी परत आणा. गडावर फाटली तरी.

बाकीचं भराभर. चेन जाड दातांची आणि तिचा रनर वळणावर न अडकणारा हवा. पाच वेळा एका हाताने उघडझाप करून बघा. खांद्याचा पट्टा सॅकला जिथे शिवलाय तिथे आडवी दाट शिवण आहे का ते बघून दोन्ही हातांनी जोरात ओढा. दुकानात उसवली तर बरं झालं म्हणायचं. बाजूचे बाटलीचे कप्पे खोल हवेत. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर चढताना दोन्ही हात कातळावर आणि कठड्यावर असतात, आणि उथळ कप्प्यातली बाटली तिथे निसटली तर खालच्या माणसाच्या डोक्यात जाते. बाहेरच्या जाळीच्या कप्प्यात खाऊ ठेवू नका. गडांवरच्या माकडांना तो आपल्या आधी दिसतो. नळीवाली पाण्याची पिशवी घ्यायला मी सांगणार नाही. किती पाणी उरलंय ते कळत नाही आणि आपल्या पावसाळ्यात तिच्या नळीत आतून बुरशी धरते. ती रोज घासणारा माणूस मला भेटायचाय. दोन साध्या बाटल्या बऱ्या.

तीन हजारांत हे सगळं आरामात बसतं. आठ-दहा हजारांच्या परदेशी सॅकमध्ये पाठीची जास्त बारीक मापं, हलकं पण चिवट कापड आणि सफाईदार पट्टे मिळतात. रोजच्या रोज डोंगरात असणाऱ्याला ते पैसे वसूल होतात, तुम्हाला आत्ता नाही. फूटपाथवर त्याच कंपन्यांची नावं लावलेल्या चारपाचशेच्या सॅका मिळतात, त्यांच्या वाटेला मात्र जाऊ नका. नाव खोटं आहे ही तक्रार दुय्यम आहे. आतली शिवण एकेरी असते, आणि खांद्याचा पट्टा उसवतो तो घाटाच्या मध्यावर.

घडी घालून मुठीत मावणाऱ्या पातळ पिशव्या मिळतात, दीड-दोनशे ग्रॅमच्या. राजगड ते तोरणा असा सलग ट्रेक स्वतःच्या पाठीवर मोठी सॅक घेऊन करणाऱ्याला, मध्ये एखादा बुरूज बघून यायला ती सोयीची. तिला पाठ नसते, त्यामुळे बाटली कण्याला टोचते. बसायच्या फोमचा तुकडा पाठीकडे सरकवला की भागतं. तुम्हाला ती नको, कारण घांगरियाचे दोन्ही दिवस पूर्ण लांबीचे आहेत, आणि पुण्यात रविवारी तिचा काही उपयोग नाही.

घांगरियापर्यंत जाताना नवीन सॅक कुठे ठेवायची हे ठरवून घ्या. गोविंदघाटाहून गाडी पुलनापर्यंत जाते, पुढे नऊ-दहा किलोमीटरची चढाची वाट. मोठी सॅक खेचरावर किंवा पिट्ठूकडे (पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसाकडे) देणार असाल तर लहान सॅक पाठीवर येईल, आणि तिच्यात जॅकेट, पोंचो, औषधं, पैसे, ओळखपत्र असू द्या; खेचर तुमच्या आधी पोचेल की दोन तास नंतर, ते खेचरच ठरवतं. मोठी सॅक स्वतः नेणार असाल तर लहान रिकामी करून मोठीच्या आत पाठीच्या बाजूने सपाट ठेवा. लहान सॅक पोटावर अडकवून चालणारे बरेच दिसतात. विमानतळावर ठीक आहे. डोंगरात नाही, कारण पुढचं पाऊल कुठे पडतंय ते दिसत नाही आणि पायऱ्या उतरताना तर अजिबातच नाही. विमानाचं निघालंच आहे तर, २५ लिटरची सॅक पुढच्या सीटखाली मावते. पॉवर बँक तिच्यातच ठेवा, चेक-इनच्या सामानात तो चालत नाही. दोन दिवसांची औषधं आणि एक जॅकेटही जवळच ठेवा, मोठी सॅक उशिरा आली तरी अडायला नको.

खरेदी जूनमध्येच उरका. बिल आणि लेबलं ठेवून आधी घरीच पूर्ण वजन भरून इमारतीचे जिने चढा; नाही पटली तर बदलून घेता येईल. मग जुलैतले दोनतीन रविवार ती भिजवा. प्रत्येक वेळी परतल्यावर रिकामी करून, साध्या पाण्याने चिखल धुऊन, सावलीत उलटी टांगा. वॉशिंग मशीनमध्ये नाही. ओलसर सॅक कपाटात कोंबली की आतला लेप चिकट होऊन पापुद्रे सुटायला लागतात आणि एका-दोन पावसाळ्यांत सॅक जुनी दिसायला लागते.

रंगाला हसले नाही, प्रश्न चांगला आहे. काळी, राखाडी आणि शेवाळी हिरवी सॅक धुक्यात थोड्याच अंतरावर दिसेनाशी होते. नारिंगी, पिवळी किंवा लाल घ्या. मळते, पण दिसते. आवडलेली आणि पाठीला बसलेली सॅक नेमकी काळीच निघाली तर तीच घ्या आणि वरचं कव्हर भडक पोपटी नाहीतर नारिंगी घ्या. यजमानांच्या ५५ लिटरवालीलाही तसलंच एक आणा. त्यांना शोभत नाही म्हणाले तर म्हणू द्या.